पहिली शिट्टी मोजायची नाही

१२ जानेवारी २००४

सीडी दुकानात लागली! सदाशिव पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानात, थेट काउंटरवर, न खपलेल्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याशेजारी. मालक म्हणाले, "ठेवा. खपल्या तर खपल्या, नाहीतर घेऊन जा." पुण्यात यापेक्षा प्रेमळ स्वागत कुणाचं होत नाही.

नाव 'पहिला भात'. खाली बारीक अक्षरांत : नोकरीसाठी परदेशी निघालेल्या आणि चहासुद्धा न येणाऱ्या मुलांसाठी स्वयंपाक. कॅमेरा, एडिटिंग, कव्हर, धावपळ सगळं माझं, म्हणजे 'शुभंकर व्हिडिओ'चं. धंद्याला नवऱ्याचं नाव दिलं, कारण तेव्हा दुसरं सुचलं नाही. शिकवणार आमच्या सासूबाई, इंदुबाई. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लग्नाच्या कॅसेटी कापत होते. नवरीचं रडणं, मामाचं नाचणं, पंगतीतलं तेच ते जिलबीचं ताट. आता पहिल्यांदा माझं स्वतःचं काहीतरी आहे.

शुभंकर गेल्या वर्षी न्यू जर्सीला गेला, तेव्हापासून हे डोक्यात होतं. सुरुवातीला रोज फोन : "आई, डाळ आधी धुवायची की शिजल्यावर?" आईंची उत्तरं इतकी तिरकस असायची, की मी म्हटलं, हे कॅमेऱ्यावर आलं पाहिजे.

त्याच्याशी ठरलंय ते असं. मार्चअखेरपर्यंत हा धंदा उभा राहिला तर मी इथे. नाहीतर गाशा गुंडाळून त्याच्याकडे जायचं, नवऱ्याच्या व्हिसावर, जिथे मला काम करायला कायद्यानेच मनाई. मी तिथे काय करणार? खिडकीतून बर्फ बघेन आणि पडदे धुवेन. तसं झालं तर मी वेडी होईन, हे इथे लिहून ठेवते. मोठ्याने कुणाला सांगायची सोय नाही, कारण आईंचं एकच पालुपद : "बाई, नवऱ्याजवळ असावं."

२० जानेवारी

खपतायत! मुलं नाही घेत, मुलांच्या आया घेतात. बॅग भरताना लोणचं, मेतकूट, कुकर आणि वर ही सीडी. कोथरूडातल्या एका बाईंनी फोन करून सांगितलं, की त्यांच्या मुलाने सीडी तीनदा बघितली, स्वयंपाक एकदाही केला नाही. आईंच्या बोलण्यासाठी बघतो म्हणे.

बोलणं आहेच तसं. "ही कढई. हिला कान असतात. तुम्हालाही आहेत, तेव्हा ऐका." "पाण्याला उकळी आली हे कसं ओळखायचं? बघून. मोबाइल खाली ठेवून." आणि सगळ्यांत गाजलेलं म्हणजे कुकरचं : "ही आपल्या शरयू कुकरची पहिली शिट्टी. ही मोजायची नाही. पहिली शिट्टी खोटी असते, कुकर नुसता घसा साफ करतो. खऱ्या तीन त्यानंतरच्या."

सीडीतली शेवटची पाटी आईंच्या आग्रहाची. त्या महिला मंडळात वीस वर्षं चिटणीस होत्या. ज्याची सतरंजी आणली त्याचेसुद्धा आभार मानल्याशिवाय कार्यक्रम संपत नसे. "ज्याची ज्याची वस्तू वापरलीस, त्याचं नाव घे. फुकट वापरून गप्प बसणं हा कृतघ्नपणा." म्हणून ऋणनिर्देश टाकला : शेगडी, तांदूळ, हिंग, शरयू कुकर. शरयूचं ते कमळ आणि वाफेचं चिन्ह खोक्यावरून स्कॅन केलं आणि कव्हरवर मागच्या बाजूला 'मनःपूर्वक आभार' म्हणून मोठं छापलं. खरं सांगायचं तर ते चिन्ह लागल्यावर सीडी एकदम भारदस्त दिसायला लागली.

२ फेब्रुवारी

मुंबईहून वकिलाची नोटीस. शरयू कंपनीकडून. चिन्हाचा विनापरवानगी वापर, कंपनीशी संबंध असल्याचा आभास, आणि मालाची बदनामी. विक्री ताबडतोब थांबवा, सगळ्या प्रती आणि मूळ टेप आमच्या ताब्यात द्या, वर्तमानपत्रात माफी मागा, नाहीतर कोर्ट.

मी दोनदा वाचलं आणि आधी हसले. आभार मानल्याबद्दल नोटीस! मग हसू कुठे गेलं कळलं नाही. मूळ टेप द्यायची म्हणजे माझ्याकडे उरलं काय? दुपारभर घरात येरझाऱ्या घातल्या. दोनदा कपाट आवरलं.

आईंनी नोटीस चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "आभार मानल्याचा राग येतो? कसली माणसं आहेत!"

४ फेब्रुवारी

रंगनाथ आपटे वकिलांकडे गेले. टिळक रोडला मागच्या गल्लीत ऑफिस, बाहेर पाटी : 'बोलण्यापूर्वी विचार करून यावे.' त्यांनी सगळी सीडी बघितली, एकदाही न हसता.

"कुकर दाखवलात, हरकत नाही. भात कुकरमध्ये होतो हे न्यायाधीशालाही ठाऊक असतं. नाव घेतलंत, तेही चालून जाईल. पण कव्हरवर त्यांचं चिन्ह छापलंत, तुमच्या नावापेक्षा मोठं. घेणाऱ्याला वाटणार, ही सीडी कंपनीनेच काढली."

"पण आम्ही आभार मानलेत हो!"

"परवानगी मागितली होतीत?"

"आभार मानायला परवानगी?"

"आभाराला नाही. चिन्हाला. ते त्यांच्या मालकीचं आहे. तुम्ही शेजाऱ्याची गाडी घेऊन फिरलात आणि मागच्या काचेवर 'आभारी आहे' लिहिलंत." त्यांनी कव्हर उलटं केलं. "आणि त्या चिन्हाखाली तुमच्या सासूबाई सांगतात, की यांची शिट्टी खोटी. म्हणजे कंपनीने स्वतःच्याच तोंडाने स्वतःची बदनामी केल्यासारखं झालं."

मग विचारलं, "'शुभंकर व्हिडिओ' हे तरी तुमचं आहे का?"

"मिस्टरांचं नाव आहे."

"नोंदवलंय?"

"लग्न?"

"नाव, बाई."

लग्न नोंदवलंय, नाव नाही. ते म्हणाले, आधी हे निस्तरू, मग त्याचं बघू. चिन्ह काढा, पाटी काढा, कंपनीशी संबंध नाही असं छापा, तोवर विक्री बंद. टेप द्यायची गरज नाही, तसं ते लिहितील. मी घरी चालत आले. रिक्षात स्वस्थ बसवलं नसतं.

८ फेब्रुवारी, रविवार

शुभंकरचा फोन. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाप रे." मी म्हटलं, मार्चअखेर काही जमेलसं वाटत नाही, व्हिसाचे कागद पाठव. तर म्हणतो, "घाई करू नकोस. तुझं काम नीट होऊ दे. मार्च म्हणजे काय काळ्या दगडावरची रेघ आहे का?" मला भरूनच आलं. किती समजूतदार झालाय! इथे असताना भाजीत मीठ कमी पडलं तरी दिवसभर तोंड पाडून बसायचा.

आता तो डाळीबद्दल विचारत नाही. जेवणाची सोय झालीय म्हणाला. ऑफिसमध्ये पूर्णिमा म्हणून नागपूरकडची एक मुलगी आहे, तिच्या हातची पाटवडी आणि तर्रीदार रस्सा म्हणजे काय विचारू नकोस. मी म्हटलं, तिच्याकडून कृती घेऊन ठेव, दुसऱ्या भागात वैदर्भी पदार्थ घालू, तिचंही नाव टाकू. तो म्हणाला, "बघतो."

फोन स्पीकरवर होता. आई पोळ्या लाटत होत्या. एक पोळी तव्यावर पार करपली. आईंची! मी चिडवलं तर त्यांनी दुसरी लाटायला घेतली.

११ फेब्रुवारी

दुकानातून सीड्या परत आणल्या. मालक म्हणाले, "माल चांगला होता." होता! जणू गेलाच. स्कूटरवर खोकं पायाशी ठेवून कर्वे रोडने येताना मला शरयू कंपनीचा, आपटे वकिलांचा आणि सर्वांत जास्त स्वतःचा राग आला. चिन्ह मीच मोठं केलं होतं. आईंनी फक्त नाव घ्यायला सांगितलं होतं.

पण आईंनी ते मनाला लावून घेतलंय. "मी बोलले नसते तर ही वेळ आली नसती," म्हणाल्या. त्यांना असं खालच्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला ते आवडलं नाही.

शुभंकरने फोटो पाठवलाय ईमेलने. गाल वर आलेत. मागे खिडकीला छान फिक्या निळ्या रंगाचे पडदे, कुंडीत तुळस. सुधारला म्हणायचं. आईंना फोटो दाखवला तर त्या त्याच्याकडे न बघता पडद्यांकडेच बघत राहिल्या. "शिवून घेतलेत," एवढंच म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी

आपटे वकिलांकडून आले तर आई फोनशेजारी खुर्चीत बसलेल्या. दिवा लावायची वेळ टळून गेलेली, दिवा नाही. शुभंकरचा फोन होता म्हणाल्या. रविवार सोडून मधल्याच दिवशी? "काही नाही, सहज. हवापाण्याचं."

मग जेवताना एकदम म्हणाल्या, "तू अमेरिकेला जायचं नाहीस."

मला वाटलं, चुकून उलटं बोलल्या. "अहो आई, तुम्हीच तर म्हणत होतात..."

"म्हणत होते. माणूस चुकतं. तुझा धंदा उभा राहिला पाहिजे. त्या कंपनीशी भांडू नकोस, बोलणी कर. काय हवंय ते विचार त्यांना."

मी जेवता जेवता थांबले. आई आणि तडजोड? ज्या बाईंनी मंडळाच्या हिशोबात कुणीतरी आकडा फिरवला म्हणून चिटणीसपद सोडलं! वय झालं की माणसं मवाळ होतात, हे खरं असावं. मला जरा वाईटच वाटलं.

२४ फेब्रुवारी

कंपनीचा माणूस घरी आला. तेजस नाव, पंचविशीचा, टाय लावून, कोथरूडच्या उन्हात घामाघूम. भांडायला येईल म्हणून मी तयारीत होते, तर म्हणाला, "मॅडम, आमच्या ऑफिसमध्ये सगळ्यांनी तुमची सीडी बघितलीये. लीगलवाले सोडून सगळे फॅन आहेत."

प्रस्ताव असा. परदेशी जाणारी मुलं कुकर नेतातच. कंपनी खास छोटा कुकर काढतेय, त्याच्या प्रत्येक खोक्यात आमची सीडी. चिन्ह वापरायची लेखी परवानगी, नोटीस मागे, पुढचे भागही माझ्याकडूनच. अट एकच. ते शिट्टीचं वाक्य बदलायचं. आईंनी कॅमेऱ्यात सांगायचं, "शरयूची पहिली शिट्टीसुद्धा खरी."

मी आईंकडे बघितलं. मला वाटलं, आता या पोराची धडगत नाही.

आई म्हणाल्या, "बरं. चहा घेणार का?"

३ मार्च

शूटिंग झालं.

मला वाटलं होतं एका दमात होईल. आई वाक्य पाठ असल्यासारखं म्हणायच्या आणि शेवटी आवाज पडायचा. पुन्हा. पुन्हा. एकदा 'खरी'च्या जागी जिभेवर 'खोटी'च आलं. तेजस ओशाळा होऊन खिडकीबाहेर बघत उभा होता. मीच शेवटी कॅमेरा बंद केला. "राहू दे आई. तुम्हाला पटत नाहीये. नको आपल्याला यांचं काम."

त्यावर त्या इतक्या चिडल्या, की मी चपापले. "पटण्याचा प्रश्न नाही! लाव तो कॅमेरा. तुला काम हवंय ना? मग लाव."

पुढच्या वेळी सरळ लेन्सकडे बघून, हसून म्हणाल्या. इतकं सफाईदार, की कंपनीच्या जाहिरातीत शोभावं. तेजसने टाळ्या वाजवल्या. मीही 'ओके' म्हटलं. मला आनंद व्हायला हवा होता. संध्याकाळी टेप बघताना मात्र मधेच बंद केली. त्या बाईंना मी ओळखत नव्हते.

आई हे सगळं का करतायत? माझ्यासाठी, हे उघड आहे. पण एवढं? एक शंका येते आणि ती लिहायची लाज वाटते. मी अमेरिकेला गेले तर त्या इथे एकट्या पडतील, म्हणून तर मला अडकवून ठेवत नाहीत? तसं असेल तरी रागावू कशी?

९ मार्च

करार कुणाच्या नावाने करायचा यावरून आज वादावादी. आपटे वकील म्हणाले, आता कंपनीशी व्यवहार आहे तर आपलंही नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला टाका, म्हणजे उद्या कुणी उचलायला नको. मी म्हटलं, 'शुभंकर व्हिडिओ'.

आई म्हणाल्या, "ते नको."

"का? आधीपासून तेच आहे."

"कष्ट तुझे, नाव तुझं लाव. उत्कर्षा व्हिडिओ. करारही तुझ्या एकटीच्या सहीने. त्यात शुभंकरचा संबंध नको."

पोटच्या मुलाचं नाव नको! मला राग आला. तो तिकडे एकटा राबतोय, मला मुदत वाढवून देतोय, आणि त्याच्या आईला त्याचं नाव पाटीवर बघवत नाही. मी तसं बोललेही. आपटे वकील चष्मा पुसत बसले. आईंनी फक्त अर्जाचा कागद माझ्यापुढे सरकवला, हे त्यातलं सगळ्यांत विचित्र.

शेवटी आईंच्या मनासारखं केलं, कारण वकीलही म्हणाले, बाईंचा सल्ला व्यवहाराला धरून आहे. जिना उतरताना आईंनी माझा दंड धरला होता. आधारासाठी असेल.

१९ मार्च

सही झाली. उत्कर्षा व्हिडिओ. माझ्या नावाचा अर्ज गेला. आपटे वकील म्हणाले, "आता आभार मानायचे असतील तर माझे माना. मला परवानगी लागत नाही." मला वाटतं हा त्यांचा विनोद होता.

घरी येऊन आईंना वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला तो काढीनातच. रडत होत्या. मी म्हटलं, "अहो, आनंदाची गोष्ट आहे." तर म्हणाल्या, "हो, हो, आनंदाचीच."

परवा पाडव्याला शुभंकरला सांगेन. उड्या मारेल.

२१ मार्च, पाडवा

सांगितलं. त्याने अभिनंदन केलं. मग म्हणाला, आता तू सेटल झालीस, आता सांगायला हरकत नाही.

पूर्णिमा.

ते सहा महिने एकत्र राहतायत. पडदे तिने शिवलेत.

२२ मार्च

काल त्यापुढे लिहिता आलं नाही. आज लिहिते, कारण नाही लिहिलं तर दुसरं काही सुचणार नाही.

मी त्याला तिच्याकडून पाटवडीची कृती घ्यायला सांगितली होती! तिचं नाव टाकणार होते! या एका गोष्टीने जितकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, तितकं बाकी कशानेही नाही.

सकाळी स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

आई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. "त्या दिवशी फोनवर मीच खोदून विचारलं. पडदे बघितल्यावर राहवेना. त्याने कबूल केलं."

"आणि मला नाही सांगितलंत? महिनाभर मी त्याचे गोडवे गात होते, तुम्ही ऐकत होतात!"

"सांगितलं असतं तर तू सगळं टाकून रडत बसली असतीस. कंपनी गेली असती, हातात काही उरलं नसतं. म्हटलं, आधी हिच्या पायाखाली जमीन येऊ दे. मग जे कोसळायचं ते कोसळू दे."

मी खूप बोलले. तुम्ही मला लहान मूल समजलात, तुम्ही दोघांनी मिळून मला खेळवलंत, असंही बोलले, जे खरं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर त्या इतकं हसून खोटं का बोलल्या.

दुपारी त्यांच्या खोलीत गेले तर पलंगावर बॅग उघडी, निम्मी भरलेली. धायरीला त्यांचा भाऊ महिपती राहतो, त्याच्याकडे जाते म्हणाल्या.

"का?"

"मुलाच्या घरी राहत होते. आता मुलगा तुझा कुणी नाही, तर मी कोण तुझी? मी इथे कुठल्या नात्याने राहू, तूच सांग."

त्या साड्यांच्या घड्या एकावर एक ठेवत राहिल्या. सावकाश ठेवत होत्या, मला वेळ मिळावा म्हणून की काय कोण जाणे.

शेवटी मी म्हटलं, "उद्या सकाळी शूटिंग आहे. दुसरा भाग. पोळ्या."

त्यांनी वर बघितलं. "उद्या? आणि हे आत्ता सांगतेस? कणकेचं काय? तांदळाची पिठी संपलीय, तिचं काय? तो पोळपाट डगमगतो, तो काय तसाच दाखवणार आहेस लोकांना?"

"तुम्ही बघा ना ते सगळं."

त्या उठल्या, पदर खोचला आणि बाहेर फोनपाशी गेल्या. मी पलंगावरच बसून राहिले. बाहेरून त्यांचा आवाज आला, नेहमीचा, खणखणीत.

"महिपती, अरे, मला यायला जमायचं नाही. नाही, उद्याही नाही. मी कामात आहे."